प्रक्षिप्त धमनी

ज्याच्या लिहिण्यावर विसंबून दुसऱ्याचा हात सुरी धरतो, त्याच्या लेखणीवर त्या सुरीचेही काही उत्तरदायित्व येते. आपल्या लिहिण्यात खोट आहे हे त्याला ठाऊक असेल, आणि ती उघड केल्यास जन्माचे नाव जाणार असेल, तर त्याने काय करावे, हा प्रश्न ऐकणाऱ्यास अवघड वाटतो. वस्तुतः टेबलावर परका देह असेतोवर तो मुळीच अवघड नसतो; मनुष्य गप्प बसतो आणि त्याला झोपही चांगली लागते. अडचण उभी राहते ती त्या टेबलावर आपला देह चढवण्याची वेळ आली म्हणजे.

शरीररचनाशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ह्या अडचणीत सापडले. त्यांना सगळे 'पटकर्ते' म्हणत. कमरेच्या हाडांच्या कोंदणात, ज्याला शास्त्रात श्रोणी म्हणतात, रक्तवाहिन्या कशा पसरतात ह्याचा एक भव्य रंगीत पट त्यांनी ऐन उमेदीत सिद्ध केला होता. धमन्या तांबड्या, नीला निळ्या, हाडे सायीच्या रंगाची. डावी बाजू हुबेहूब उजवीचे प्रतिबिंब. एकही फाटा वाकडा नाही, एकही शाखा आगंतुक नाही. तो पट वैद्यकाच्या प्रत्येक वर्गात होता, शस्त्रक्रियागृहाबाहेर जिथे हात धुतात तिथे होता, आणि तीन पिढ्यांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत होता.

निसर्ग मात्र ह्या विषयात कमालीचा बेशिस्त आहे. कुणात एखादी धमनी आपल्या मूळ खोडाला सोडून शेजारणीच्या अंगातून फुटते, कुणात दोन शाखा एकाच दांडीवर येतात, कुणात एका बाजूचा कारभार दुसऱ्या बाजूस ठाऊक नसतो. पटकर्त्यांचे वडील जुन्या पोथ्यांचे संपादन करीत. एका पोथीत एक शब्द आणि दुसरीत दुसरा आला की ते त्यास पाठभेद म्हणत, आणि मागाहून कुणी घुसडलेल्या ओळीस प्रक्षिप्त. चिरंजीवांनी ही परिभाषा घरातूनच उचलली आणि देहास लावली. फरक इतकाच की वडील प्रत्येक पाठभेद पानाच्या तळाशी टिपेत नोंदवीत. चिरंजीवांच्या पटाला तळच नव्हता.

त्यांच्या लेखी प्रक्षिप्तांतली सर्वांत उद्दाम होती ती एक बारीकशी जोडवाहिनी. मांडीकडे निघालेल्या मोठ्या धमनीच्या कुशीतून ती निघते, जांघेच्या आत पुढच्या हाडाच्या पाठीवरून जाते, आणि खाली हाडाच्या खिडकीतून बाहेर पडणाऱ्या गवाक्ष-धमनीस जाऊन मिळते. सुतळीएवढी जाड, कधी त्याहून बारीक. जुन्या शल्यकांनी हिला 'मृत्युमुकुट' म्हटले होते. कारण त्या हाडावर काम करताना ती नकळत तुटली, तर तिची दोन्ही टोके आखडून खोल अशा जागी जातात, जिथे बोट पोचत नाही आणि रक्त मात्र थांबत नाही. पटकर्त्यांनी आपल्या ग्रंथात हिला अर्धी ओळ दिली होती: 'क्वचित्, नगण्य.' पटात तीही नव्हती.

तथापि देह तर महाविद्यालयात दर वर्षी यायचे, आणि विद्यार्थी डोळे घेऊन यायचे. म्हणून पटकर्त्यांनी एक पद्धत घातली होती. नवा देह विच्छेदनास खुला होण्यापूर्वी शवकक्षाचे शिपाई मामा सरांच्या देखरेखीखाली त्याची श्रोणी आधी उघडीत आणि 'पाठशुद्धी' करीत. चिमट्यात एखादी आगाऊ वाहिनी धरून मामा विचारीत, ही ठेवायची का. सरांची मान आडवी हलली की कात्री वाजे. उरलेले सारे पटाशी जुळे. विद्यार्थ्यांचा गोंधळ टळे, परीक्षा वेळेत आटोपे, आणि पाहुणे परीक्षक म्हणत की इथले देह फार सुबक असतात.

हे सारे सद्हेतूने चालले होते, हे नमूद केले पाहिजे. नवशिक्याला आधी नियम कळावा, अपवाद मग, असे सरांना मनापासून वाटे. 'मग' ही वेळ एकतीस वर्षांत आली नाही, एवढेच. एका वर्षी मामांच्या कात्रीतून एक जोडवाहिनी निसटली आणि परीक्षेत एका मुलाने ती बोटाने उचलून दाखवली. सरांनी त्याला 'जे नाही ते दिसते' असा शेरा देऊन नापास केले. तो पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. प्रती घरपोच आल्या तेव्हा बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, बजावले होते की दोरी सोडून एकेक पुस्तक उचला. सरांनी गठ्ठा अखंड उचलला. जांघेत काहीतरी सटकल्यासारखे झाले, आणि तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूस लिंबाएवढा फुगवटा दिसू लागला. खोकला आला की तो बाहेर डोकावे, आडवे झाले की निमूट आत जाई. सरांनी निदान स्वतःच केले: अंतर्गळ, म्हणजे हर्निया. बाईंनी त्यात भर घातली.

"तुमचंच पुस्तक तुम्हाला झेपलं नाही. त्या पोरांचं काय होत असेल."

बाईंची सारी नोकरी भूमापन कचेरीत नकाशे पडताळण्यात गेली होती. त्यामुळे कागद आणि वस्तू ह्यांत तफावत आढळली की त्यांच्या कपाळावर एक उभी आठी पडे. सरांच्या कपाळावर आठी पडे ती वस्तूवर.

शस्त्रक्रियेसाठी कुणाकडे जावे ह्याचा विचारही करावा लागला नाही. सरांची सर्वांत नामांकित शिष्या गावातल्याच मोठ्या रुग्णालयात शल्यविभागाची प्रमुख होती. तिने सरांना पाहताच उठून आपली खुर्ची दिली आणि स्वतः रुग्णाच्या स्टुलावर बसली. भिंतीवर पट होताच. खालच्या कोपऱ्यात सरांची सही होती. तपासणी झाली, आणि शिष्येने पेन्सिल घेऊन पटावरच बेत समजावला. पोटाला तीन लहान भोके पाडायची. दुर्बिणीतून आत पाहत फुगवटा मागे ओढायचा, त्यावर जाळी पसरायची, आणि जाळीचा खालचा काठ जांघेच्या हाडाला बारीक खिळ्यांनी अडकवायचा.

पेन्सिलीचे टोक पटावर ज्या जागी टेकले, तिथे सायीच्या रंगाचे स्वच्छ, कोरे हाड होते.

"इथं मी तुमचा पट डोळ्यांसमोर आणते, सर, आणि हात चालवते," शिष्या म्हणाली. "मोकळं हाड. तुम्हीच शिकवलंत."

इतक्या वर्षांत त्या कोऱ्या हाडाकडे सरांनी अभिमानाशिवाय दुसऱ्या कोणत्या भावनेने पाहिले नव्हते.

"हात जरा जपून चालव," ते म्हणाले.

"हो, सर."

"नाही, म्हणजे, देह हा शेवटी देह असतो. कधी कधी..."

"कधी कधी काय, सर?"

सरांनी पटावरची नजर काढली. "कधी कधी म्हातारा असतो."

शिष्या हसली. एवढ्या थोर माणसालाही सुरीची भीती वाटते, ह्याचे तिला कौतुक वाटले असावे. तिने पुढच्या आठवड्यातला दिवस दिला आणि लिफ्टपर्यंत पोचवायला आली.

घरी आल्यावर सरांनी दुसऱ्या शल्यकांची नावे मनातल्या मनात चाळली. एक नदीपलीकडच्या रुग्णालयात होता. तो त्यांचाच विद्यार्थी. एक परदेशी स्थायिक झाला होता. तो जाताना पटाची गुंडाळी काखोटीला मारून गेला होता. सुरी धरणारा जो जो हात त्यांना आठवे, त्याच्यामागच्या भिंतीवर आपलीच सही दिसे. ती धमनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे तोंडाने म्हणणारा एकच मनुष्य त्यांना ठाऊक होता, आणि तो मोतीबिंदू काढीत असे.

शस्त्रक्रियाच टाळावी, पट्टा बांधून राहावे, असेही त्यांना वाटले. पण फुगवटा एव्हाना लिंबाचा संत्र्याएवढा झाला होता आणि आत जायला कुरकुर करू लागला होता. तो एकदा आत जायचाच थांबला, आतडे पिळवटले, तर मग दिवस निवडायला सवड मिळणार नाही, हे सर इतरांना शेकडो वेळा सांगून चुकले होते.

तेव्हा त्यांनी शास्त्राचा आधार घ्यायचे ठरवले. मृत्युमुकुट खरोखरच क्वचित् असेल, तर भिण्याचे कारण काय? आणि तो किती क्वचित् आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होते.

शवकक्षात औषधी द्रवाचा तोच डोळे चुरचुरवणारा वास होता. पोलादी टेबलांवर ओली फडकी पांघरलेले देह होते, आणि कोपऱ्यातल्या नळावर मामा चिमटे घासत होते. त्यांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षे होती. सरांना पाहून त्यांनी हात पुसले आणि स्टूल झटकून दिले. सरांनी प्रकृतीची विचारपूस केली, मग हवापाण्याची, मग मामांच्या मुलीच्या नोकरीची. मामा उत्तरे देत राहिले. एकतीस वर्षे ज्याने ह्या माणसाच्या मानेचा इशारा वाचला होता, त्याला सर गप्पा मारायला आलेले नाहीत हे कळत होते.

अखेर सरांनी विचारले की ती जोडवाहिनी, हाडावरून जाणारी, साधारण किती देहांत निघाली असेल.

"मोजदाद कोण ठेवतं, सर? पण हाताला आठवतं. चार देह आले की एकात हमखास. एखाद्या वर्षी तिघांत एक."

"म्हणजे विरळ म्हणायची नाही?"

"विरळ कशी? दर वर्षी कात्रीला धार लावून आणायला लागायची." मामांनी चिमटा उजेडात धरून पाहिला. "मी एकदा बोललो होतो, तुमच्या लक्षात नसेल. म्हटलं, इतक्यांच्यात आहे तर ती चुकीची कशावरून. तुम्ही म्हणालात, मामा, संख्या म्हणजे सत्य नव्हे."

सरांच्या ते लक्षात होते. त्या काळी ते वाक्य त्यांना इतके आवडले होते की त्यांनी ते एका समारंभात भाषणातही घातले होते.

"आणि हल्ली?"

"हल्ली काय, तेच. नवे सर आले, त्यांना वाटलं ही इथली रीत आहे. बंद करा असं कुणी म्हटलंच नाही."

मग, जणू सहज सुचले अशा स्वरात, त्यांनी विचारले की माझ्यात असेल का हो. मामांनी त्यांना मानेपासून कमरेपर्यंत निरखून पाहिले. शिंपी गिऱ्हाइकाकडे पाहतो तसे, मापापुरते.

"बाहेरून नाही सांगता येत, सर. उघडल्यावर सांगीन. देहदानाचा अर्ज तुम्ही भरलाच आहे."

"आणि निघाली तर?"

"तर काय," मामा म्हणाले, "तुमचाच नियम. कापून टाकू."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आपल्या देहात ईश्वराने ठेवलेली एखादी वाहिनी मामांच्या चिमट्यात धरली आहे, आणि मान आडवी हलवणारा दुसराच कुणी आहे, असे चित्र सरांसमोर उभे राहिले. चित्रे काढण्याची सवय असलेल्या माणसाला असली चित्रे फार स्पष्ट दिसतात.

त्या संध्याकाळी त्यांनी शिष्येस पत्र लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात मृत्युमुकुटाचा उल्लेख तिसऱ्या पानावर आला. दुसऱ्यात तो दुसऱ्या पानावर आला, पण 'काही अभ्यासकांच्या निरीक्षणास अनुसरून' असा. तिसरा मसुदा एका पानाचा झाला. त्यात असे म्हटले होते की श्रोणीगत रक्तवाहिन्यांच्या विविधतेविषयी पुनर्विचाराची आवश्यकता अलीकडे प्रतिपादिली जात असून, प्रचलित पटांचे अवलोकन करताना तारतम्य राखणे श्रेयस्कर ठरावे. हा मसुदा सरांना उत्तम साधला असे वाटले आणि त्यांनी तो बाईंना वाचायला दिला.

बाईंनी चष्मा पुसला, पत्र वाचले, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"ह्यात तुम्ही काय केलंत, ते कुठंय?"

"सूचित केलं आहे."

"कुणाला सूचित होणारे? ती मुलगी हे वाचून म्हणेल, सर किती विद्वान आहेत, आणि ठोकेल खिळा." बाईंनी कागद घडी करून परत दिला. "आमच्या कचेरीत नकाशा आणि जमीन जुळली नाही ना, तर नकाशा खोडायचे. तिथला ओढा नाही बुजवायचे कुणी."

सरांनी मुलांच्या सोयीचा मुद्दा काढला, परीक्षांचा काढला, पूर्वसूरींचा काढला. बाईंनी तो सगळा ऐकून घेतला. मग त्या एवढेच म्हणाल्या की ज्यांना हे सांगायला हवे होते, त्यांच्यातला एक तरी आता तुमच्या घरचा निघाला, हे बरेच झाले. त्यावर सर रागावून बाल्कनीत जाऊन बसले. पण रागावलेल्या माणसाला खोकला येतो, आणि खोकला आला की फुगवटा.

ठरलेल्या सकाळी त्यांना पाठीवर नाडी बांधायचा तो रुग्णालयाचा पातळ झगा घालायला दिला. ज्या पुरुषाने आयुष्यभर कोटाच्या तिन्ही गुंड्या लावूनच वर्गात पाऊल टाकले, त्याला असल्या झग्यात आपला अधिकार कुठे ठेवावा हे कळेना. खाटेवर बसून ते मागची नाडी एका हाताने धरून होते, तेवढ्यात शिष्या आली. तिने नमस्कार केला आणि उजव्या कुशीवर शाईने खूण करण्यासाठी वाकली.

"थांब," सर म्हणाले. "तो पट खोटा आहे."

तिला वाटले, आधी दिलेल्या औषधाची गुंगी असावी. तिने हलकेच त्यांचा हात थोपटला. मग सर बोलू लागले, आणि ज्याला तिन्ही मसुद्यांत जागा मिळाली नव्हती ते सगळे एका दमात, साध्या शब्दांत बाहेर आले: हाडावरची धमनी, चारांत एक, मामांची कात्री, आडवी हलणारी मान, नापास केलेला मुलगा, अर्धी ओळ. बोलता बोलता नाडी हातातून सुटली, तिकडे त्यांचे लक्ष राहिले नाही.

शिष्येने पेनाचे टोपण लावले.

"सात वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "माझ्याकडे एक सुतार आला होता. हेच, उजव्या बाजूचं. मी दुसरा खिळा मारला आणि पडद्यावर सगळं लाल झालं. पोट उघडलं. रक्ताच्या आठ बाटल्या दिल्या. वाचला, पण तीन आठवडे राहिला इथं."

सरांनी सुटलेली नाडी चाचपडून पुन्हा धरली.

"त्याच्या बायकोला मी सांगितलं की माझा हात घसरला. कागदावर तसंच लिहिलं. वर्षभर मी ही शस्त्रक्रिया केली नाही, सर. दुपारी दार लावून घेऊन ह्या बोटांकडे बघत बसायची, थरथरतायत का ते. रोज तुमचा पट काढून बघायची की माझं नेमकं कुठं चुकलं."

"मला येऊन विचारायचं होतंस," सर म्हणाले. म्हणताक्षणीच त्यांना ते वाक्य परत घ्यावेसे वाटले.

"विचारलं होतं मी. समारंभात भेटला होतात. म्हटलं, तिथं कधी एखादी मोठी वाहिनी असते का. तुम्ही म्हणालात, चांगल्या शल्यकाला नसते."

एवढे बोलून ती बाहेर गेली. दार तिने आपटले नाही, अगदी हलके लावले. सर खाटेवर बसून राहिले. ज्या हातांना, त्या हातांनी न केलेला अपराध, आपण सात वर्षे भोगायला लावला होता, त्याच हातांत आता काही वेळाने आपले पोट द्यायचे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांची पाचावर धारण बसली. पण त्या भीतीच्याही तळाशी आणखी काहीतरी होते, आणि त्यास नाव देताना त्यांना प्रथमच संस्कृत शब्द सुचला नाही. लाज वाटत होती.

पंधरा मिनिटांनी शिष्या परतली. चेहरा धुतलेला दिसत होता. तिने आधी त्यांच्या झग्याची नाडी बांधून दिली, मग कुशीवर खूण केली.

"आत गेल्यावर भूल द्यायच्या आधी आम्ही सगळे थांबतो," ती म्हणाली. "रुग्ण कोण, बाजू कुठली, धोका कशाचा, हे मोठ्यानं बोलतो. धोका कशाचा हे आज तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ते माझं मत होईल."

शस्त्रक्रियागृहात थंडी होती. डोक्यावर दिव्यांचे तबक, भोवती हिरव्या कपड्यांत सातआठ माणसे, त्यांत शिकणारे चौघे. भूल देणारे डॉक्टर मुखवटा हातात घेऊन थांबले. परिचारिकेने फळ्यावरचे प्रश्न एकेक वाचले. नाव झाले, बाजू झाली. रक्तस्रावाचा धोका, असे म्हणून ती सवयीने 'नाही' लिहिणार, तोच शिष्येने तिला थांबवले आणि सरांकडे पाहिले.

आयुष्यभर सर उभ्याने बोलले होते, आणि ऐकणारे बसलेले असत. आज ते उताणे होते.

"धोका आहे," ते म्हणाले. "जांघेच्या हाडावरून एक वाहिनी जाते. दर तीनचार माणसांत एकाला असते. माझ्या पटात नाही, कारण मी ती काढून टाकत असे. खिळा मारण्यापूर्वी चरबी बाजूला करून हाड नीट पाहावे. माझ्यावर विश्वास ठेवू नये."

परिचारिकेने फळ्यावर लिहिले. शिकणाऱ्या चौघांपैकी एकाने हळूच दुसऱ्याला विचारले की हे परीक्षेत लिहायचे का. मग मुखवटा आला.

सरांना जाग आली तेव्हा खिडकीत दुपारचे ऊन होते, पोटावर तीन पट्ट्या होत्या, आणि बाई खुर्चीत शब्दकोडे सोडवीत होत्या. शिष्या पायथ्याशी उभी होती. सरांचे ओठ कोरडे पडले होते, तरी पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला.

"होती?"

"नव्हती, सर. अर्धा तास एकेक धागा बाजूला करून पाहिलं. मोकळं हाड, साईसारखं. शाखा न् शाखा तुमच्या पटाबरहुकूम. इतकी सुबक श्रोणी मी आजवर पाहिली नाही."

सरांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते लपवायला भुलीतून उठलेल्या माणसाजवळ बळ नसते. आधी सुटकेचा निःश्वास होता. त्याच्या पाठोपाठ, ह्याही अवस्थेत, एक बारीकसा अभिमान वर आला.

"म्हणजे पट बरोबर होता," ते पुटपुटले.

"एका माणसापुरता," बाई शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाल्या.

शिष्येला हसू आवरले नाही. सरांनाही आले, पण हसताना टाके दुखले. तेव्हा ते छताकडे पाहत पडून राहिले आणि त्यांच्या मनात एक मोह येऊन बसला. शस्त्रक्रियागृहात ऐकणारे आठच जण होते. भुलीआधीचे बोलणे म्हातारपणाच्या खाती सहज टाकता आले असते. देहाने तर त्यांच्याच बाजूने साक्ष दिली होती. असा पुरावा घेऊन अकरावी आवृत्तीही तशीच काढता आली असती, आणि मुखपृष्ठावर लिहिता आले असते की ग्रंथकर्त्याच्या देहावर पडताळलेली.

शिष्या कागदांवर सह्या करीत होती. तिची बोटे स्थिर होती, पण सही झाल्यावर तिने ती बोटे, सवयीने असेल, उजेडात धरून क्षणभर पाहिली. सरांनी ते पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

"त्या सुताराचा कागद अजून असेल का?" त्यांनी विचारले.

असेल, ती म्हणाली.

"त्यावर हात घसरला असं लिहिलं आहेस, ते खोड. काय लिहायचं ते मी सांगतो. सही माझी घे."

शिष्या खुर्ची ओढून बसली आणि पेनाचे टोपण काढले.

पुढचे वर्ष सरांना फार अपमानाचे गेले, असे ते सांगतात. बाईंच्या मते ते घरात इतके बरे कधीच वागले नव्हते. ते रोज सकाळी शवकक्षात जाऊन बसत. मामांनी विचारले, ही ठेवायची का, की सरांची मान उभी हलत असे, आणि कात्रीऐवजी पेन्सिल चाले. सहा महिन्यांत त्यांनी जोडवाहिनीचे अकरा प्रकार रेखाटले. अकरावी आवृत्ती निघाली ती दुप्पट जाड, आणि प्रत्येक पानाला तळ असलेली. विद्यार्थी फार नाराज झाले. जुना देह सोपा होता, असा त्यांनी अर्ज केला. पाहुणे परीक्षकही म्हणाले की पूर्वीची शिस्त राहिली नाही. सुतार आपल्या कामावर आहे. शिष्येने स्वतः जाऊन त्याला सारे समजावले, तेव्हा तो म्हणाला की फळीच्या आत गाठ कुठे लपली आहे हे कुणाला कळते, बाई, आणि तिला चहा घेतल्याशिवाय उठू दिले नाही.

ज्यांनी आपले देह शिकण्यासाठी ठेवले आणि ज्यांच्यातले खरे इतकी वर्षे कापून टाकले गेले, त्या अनाम जनांस शांती असो. ज्या हातांनी न केलेल्या चुकीचा भार वाहिला ते हात निश्चिंत होवोत. सुताराला दीर्घायुष्य, मामांना विसावा, बाईंना त्यांची आठी लाभत राहो. आणि ज्या म्हाताऱ्याने आपल्याच रेषेवर उशिरा का होईना रेघ मारली, त्याच्या लेखणीला उरलेल्या दिवसांत जे दिसेल तेच काढण्याची बुद्धी मिळो.